शब्दाला जागलेले चिटणीस : वीरचंद राघवजी गांधी

संघकार्यात पुढाऱ्यांची वाण सहसा पडत नाही. अंगीकारलेले काम तडीस नेणारा सहकारी मात्र विरळा. कै. वीरचंदभाई गांधी हे अशा विरळ सहकाऱ्यांपैकी एक होत.

सौराष्ट्रातील महुवा येथे २५ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि १८८५ मध्ये जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस झाले. वय अवघे एकवीस. परंतु हे पद त्यांनी केवळ शोभेपुरते मिरविले नाही.

शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर पालिताणा दरबाराने बसविलेल्या करामुळे समाज त्रस्त झाला होता. वीरचंदभाईंनी गव्हर्नर लॉर्ड रे आदी अधिकाऱ्यांपुढे समाजाची बाजू चिकाटीने मांडली. १८८६ मध्ये सालिना १५,००० रुपये, मुदत ४० वर्षे, अशी तडजोड होऊन यात्रेकरूंवरील कर टळला. पुढे सम्मेदशिखराच्या परिसरात डुकरांच्या चरबीचा कारखाना निघाला, तेव्हा ते कलकत्त्यास जाऊन राहिले. जुने दस्तऐवज वाचता यावेत म्हणून ते बंगाली भाषा शिकले. अखेर तो कारखाना बंद झाला.

१८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण पूज्य आत्मारामजी महाराजांना आले होते. मुनिधर्मात वाहनप्रवास वर्ज्य असल्याने त्यांनी वीरचंदभाईंना पाठविण्याचे ठरविले. महाराजांच्या सान्निध्यात अभ्यास करून ते परिषदेस गेले. तेथे त्यांनी जैन तत्त्वज्ञान विशद केलेच, शिवाय हिंदू धर्मावर टीका झाली तेव्हा त्याचीही बाजू समर्थपणे मांडली. परदेशातही त्यांनी आपला शुद्ध शाकाहार सोडला नाही.

स्वदेशी परतल्यावर समुद्रोल्लंघनाबद्दल स्वसमाजातील काहींनी त्यांच्यावर बहिष्काराची मागणी केली. ज्यांच्यासाठी कष्ट सोसले त्यांच्याकडूनच हा आघात व्हावा, हे दुःख थोडे नव्हे. तथापि त्यांनी ना कटुता धरली, ना कार्याकडे पाठ फिरविली. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतून धान्य व निधी मायदेशी पाठविण्यातही त्यांचा पुढाकार होता. अविश्रांत श्रमांनी प्रकृती खालावली आणि ७ ऑगस्ट १९०१ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांची जीवनज्योत मालवली.

मान मिळो अथवा अपमान, एकदा शिरावर घेतलेली जबाबदारी त्यांनी अर्ध्यावर टाकली नाही. कोणतीही संस्था पन्नास वर्षे उभी राहते ती अशाच निष्ठेच्या बळावर. आजच्या तरुण कार्यकर्त्यांनी वीरचंदभाईंचा हा एक गुण अंगी बाणविला, तरी त्यांच्या स्मृतीस ती खरी आदरांजली ठरेल.