हद्दीपलीकडची पळवाट आणि हरबिलास सारडा

‘शारदा कायदा’ म्हटले की मराठी मनाला देवलांचे १८९९ चे ‘संगीत शारदा’ आठवते. प्रत्यक्षात हे नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून रूढ झाले.

३ जून १८६७ रोजी अजमेर येथे जन्मलेल्या सारडांनी आग्रा कॉलेजातून पदवी घेतली. काही काळ अध्यापन करून १८९२ मध्ये ते न्यायखात्यात दाखल झाले. ते स्वामी दयानंदांचे निष्ठावंत अनुयायी होते. निवृत्तीनंतर १९२४ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळावर निवडून आले आणि १९२७ मध्ये त्यांनी बालविवाह प्रतिबंधाचे विधेयक मांडले. सनातन्यांनी कडाडून विरोध केला. वऱ्हाडातील सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र अकाली मातृत्वाने मुलींच्या जिवाला होणारा अपाय उघड केला. सप्टेंबर १९२९ मध्ये विधेयक संमत झाले. १ एप्रिल १९३० पासून विवाहासाठी मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरले.

कायदा झाला, पण तो ब्रिटिश हद्दीपुरताच. अजमेर चहूबाजूंनी संस्थानांनी वेढलेले होते. इकडे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात शेवगाव, जामखेडच्या पूर्वेला निजामाचे राज्य होते. सीमा ओलांडली की हा कायदा संपत असे. मुलांना संस्थानांत किंवा फ्रेंच वसाहतींत नेऊन लग्ने उरकण्याचे प्रकार देशात घडू लागले. ही पळवाट बंद करण्यासाठी १९३८ मध्ये दुरुस्ती झाली. ब्रिटिश प्रजाजन हिंदुस्थानात कोठेही असले तरी कायदा त्यांना लागू झाला. देशात अधिवास असलेले प्रजाजन परदेशी गेले तरी तो त्यांचा पाठलाग करू लागला.

२० जानेवारी १९५५ रोजी सारडांचे निधन झाले. तत्पूर्वी, १९४९ मध्ये, मुलीचे वय १५ झाले होते. १९७८ मध्ये ते १८ झाले. २००६ चा कायदाही परदेशातील भारतीय नागरिकांना लागू आहे.

ब्रिटनलाही हाच धडा घ्यावा लागला. मुलींच्या खतन्यावर १९८५ मध्ये बंदी घातल्यानंतर त्यांना परदेशी नेण्याची वाट तिथे २००३ च्या कायद्याने रोखावी लागली. भारतात खतन्याविरुद्ध स्वतंत्र कायदा अद्याप नाही. मुलीचे रक्षण करणारा कायदा सीमेवर थांबला, तर तिच्यापुरता तो नसल्यासारखाच ठरतो. सारडांच्या कायद्याच्या इतिहासाने हे फार पूर्वीच दाखवून दिले आहे.