काडीमोड जातपंचांच्या हातून न्यायालयात आणणारा राजा

दरवर्षी २६ जूनला कोल्हापुरात दसरा चौकातल्या पुतळ्याला आपण हार घालतो. रॅली निघते, भाषणे होतात. लोकराजा राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेताना आपल्याला तीन गोष्टी हमखास आठवतात : आरक्षण, वसतिगृहे आणि माणगाव परिषद. ही तिन्ही कामे डोंगराएवढी आहेत, यात वाद नाही. पण १९१७ ते १९२० या चार वर्षांत महाराजांनी केलेल्या एका कामाची चर्चा आपल्या चळवळीत फारच कमी होते. नवरा-बायकोच्या, सासू-सुनेच्या, विधवेच्या आणि लेकराच्या हक्काच्या भांडणात निवाडा कोणी करायचा आणि निवाडा करणाऱ्याला जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न त्यांनी कायद्याने हाताळला.

आम्ही पीडित महिलांसोबत कोर्टाच्या पायऱ्या चढणारे कार्यकर्ते आहोत. म्हणून महाराजांचे जीवन आज आम्ही या एका बाजूने सांगणार आहोत.

कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव जन्मले. आई राधाबाई ते अगदी लहान असतानाच गेल्या. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचेही नसलेले हे मूल शाहू छत्रपती झाले. शिक्षण राजकोटला, नंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली झाले. २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्याचा कारभार हाती घेतला.

कारभार हाती आला तेव्हा त्यांना काय दिसले? अधिकाराच्या बहुतेक जागा एकाच जातीकडे होत्या. गावात कुलकर्णी, देवळात आणि वाड्यात पुरोहित, आणि प्रत्येक जातीच्या आत त्या जातीचे पंच. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. त्यांचा अधिकार जन्माने आलेला होता. जन्माने आलेल्या अधिकाराला परीक्षा नसते, बदली नसते, बडतर्फी नसते आणि हिशेबही नसतो.

हे महाराजांना स्वतःच्या अंगावर सोसावे लागले. १८९९ च्या सुमारास पंचगंगेच्या स्नानाच्या वेळी राजपुरोहित आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे त्यांच्या लक्षात आले. राजा असला तरी पुरोहिताच्या लेखी तो शूद्रच होता. वेदोक्त प्रकरण म्हणून हा वाद इतिहासात नोंदला गेला. राजोपाध्यांनी माघार घेतली नाही, तेव्हा महाराजांनी त्यांचे वतन काढून घेतले. अपिले इंग्रज सरकारकडे गेली आणि फेटाळली गेली. पुष्कळ लोक या वादाकडे मंत्रांचा वाद म्हणून पाहतात. आमच्या मते तो निवाड्याचाच वाद होता. माणसाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार एखाद्याला वारशाने मिळतो का, हा त्यातला खरा प्रश्न होता. राजाची ही गत असेल, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची आणि घरातल्या बाईची काय असेल, हे समजायला महाराजांना फार वेळ लागला नाही.

पुढची वीस वर्षे त्यांनी याच मुळावर घाव घातला. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी राज्याच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा सुरू झाली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला. १९१८ साली कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले गेले. त्याच वर्षी महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर लादलेली हजेरीची पद्धत बंद झाली. तोवर या जातीत जन्मलेल्या माणसाने गुन्हा केलेला नसतानाही ठरल्या वेळी चावडीवर हजर व्हावे, असा नियम होता.

या सगळ्याचे सूत्र एकच होते : वारशाने बसलेल्याला उठवायचे आणि त्याच्या जागी नेमलेला, पगार घेणारा, जाब देण्यास बांधलेला माणूस बसवायचा. हेच सूत्र महाराजांनी घराच्या उंबऱ्याच्या आत नेले.

जुलै १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली आणि विवाहाच्या नोंदणीची सोय झाली. नोंद ही किरकोळ बाब वाटेल. पण आमच्यापैकी ज्यांनी लग्नाचा पुरावा नाही म्हणून पोटगीचा दावा अडकलेला पाहिला आहे, त्यांना या नोंदीची किंमत ठाऊक आहे.

कायद्याला वर्ष होते न होते तोच दुःख राजवाड्यात आले. महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी यांचा १९१८ साली शिकारीच्या वेळी अपघाती मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम एक वर्ष झाले होते. सून इंदुमती तेव्हा अजून बालिकाच होत्या. रूढीप्रमाणे त्यांचे उरलेले आयुष्य पडद्याआड, एका खोलीत गेले असते. महाराजांनी नातेवाइकांचा विरोध बाजूला सारून सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा विवाह बालविवाहच होता, आणि ज्या राजाने विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला त्याच्या घरात सुनेचा पुनर्विवाह झाला नाही. महापुरुषाचे जीवन सांगताना त्याच्या मर्यादा झाकायच्या नसतात. बुद्धाचा धम्म मानणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

१९१९ हे या कामातले सर्वांत मोठे वर्ष. ब्रिटिश हद्दीत त्या काळी १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे, तर आपण हिंदू, मुस्लिम, बौद्ध वगैरे कोणत्याही धर्माचे नाही असे वधूवरांना जाहीर करावे लागे. विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ साली हिंदूंमधील आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारे विधेयक मांडले. सनातन्यांनी त्याच्याविरुद्ध रान उठवले. महाराजांनी उघड पाठिंबा दिला. तिकडे विधेयक रखडले आणि इकडे कोल्हापुरात १९१९ साली आंतरजातीय विवाहाचा कायदा झालाही. महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. कागलच्या घाटगे घराण्यातील मुलीचा विवाह त्यांनी इंदूरच्या होळकर घराण्यात, म्हणजे मराठा आणि धनगर या दोन समाजांत, ठरवला.

ऑगस्ट १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. घरात बाईचा छळ करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात होती. दोनशे रुपये ही त्या काळी मोठी रक्कम होती. भारतीय दंड विधानात पती आणि सासरच्यांच्या क्रूरतेचे ४९८-अ हे कलम १९८३ साली आले, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा २००५ साली. मधली वर्षे मोजा, म्हणजे कोल्हापूर किती पुढे होते ते कळेल.

आणि त्याच वर्षी काडीमोडीचा कायदा झाला. बहुजन जातींमध्ये काडीमोडीची चाल जुनीच होती. पण ती मोडायची की नाही, दंड किती आणि कोणी भरायचा, मूल कोणाकडे राहायचे, हे जातपंचायत ठरवत असे. तिथे बाईला बोलायला जागा नव्हती. निकाल लिहिला जात नसे, त्यामुळे अपीलही नव्हते. महाराजांच्या कायद्याने हा अधिकार पंचांकडून काढून न्यायालयाकडे दिला. १९२० साली अनौरस संतती आणि जोगतिणींच्या वारसाहक्काविषयीही कायदा झाला. देवाला सोडलेली मुलगी म्हणून जिला घराने हक्कातून पुसून टाकले होते, तिचा वाटा कायद्याच्या कागदावर आला.

कायदा चांगला असून भागत नाही; तो चालवणारी माणसे कोण, हेही पाहावे लागते. महाराजांनी तेही पाहिले. १९२० साली त्यांनी अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, ती माणसे न्यायाधीशापुढे उभी राहून अशिलाची बाजू मांडू लागली.

त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला माणगावची परिषद झाली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर. महाराज स्वतः आले आणि अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी मिळाला असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्याआधी मूकनायक पत्रासाठी त्यांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. बाबासाहेब बॅरिस्टर झाले तेही याच वर्षी.

कोल्हापूरच्या त्या कायद्यांचा धागा पुढे बाबासाहेबांनी देशाच्या पातळीवर विणला. घटस्फोट, वारसा, दत्तक, आंतरजातीय विवाह, हेच विषय हिंदू कोड बिलात होते. बिल रोखले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ आणि १९५६ साली ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. आज बौद्ध पद्धतीने लागलेल्या आपल्या लग्नांनाही हिंदू विवाह कायदाच लागू होतो, कारण त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा समावेश आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे.

मित्रहो, आता आपल्या काळाकडे वळू. १९८४ साली कुटुंब न्यायालय कायदा झाला. रुक्ष कोर्टबाजी कमी व्हावी, समुपदेशक असावेत, सामाजिक संस्थांची मदत घ्यावी, न्यायाधीश नेमताना स्त्रियांना प्राधान्य द्यावे, असे त्यात लिहिले आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, हे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात घालून दिले आहे.

कागद सुंदर आहे. पण आमच्या कामात आम्ही एका भगिनीसोबत एका न्यायालयात अंतरिम पोटगीसाठी दीड वर्ष जात होतो. कधी समोरचा वकील गैरहजर, कधी शपथपत्र नाही, कधी न्यायाधीशांची बदली. प्रत्येक तारखेला तिची एक दिवसाची मजुरी बुडे आणि एस.टी.चे भाडे अंगावर पडे. शेवटी घरच्यांनी जातीतल्या चार ज्येष्ठांना बसवून प्रकरण मिटवले. ते पंच तिला एका बैठकीत मोकळे झाले, पण पोटगी शून्य. महाराजांनी जो दरवाजा बंद केला होता, तो न्यायालयाच्या विलंबाने पुन्हा उघडला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आहे. पण न्यायालय वेळेत निकाल देत नसेल, तर जातपंचायत नव्या कपड्यांत परत येतेच.

महाराजांचा न्याय राजाच्या इच्छेवर उभा होता. राजा गेला की त्याची खात्री गेली. लोकशाहीत ती खात्री नियमांनी द्यायची असते. संविधानाच्या कलम २३५ प्रमाणे जिल्ह्यातील न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण आहे, आणि कुटुंब न्यायालयाच्या निकालावरचे अपीलही तिथेच जाते. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या बाईला आता अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. जाब विचारण्याची जागा दारात आली आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अंतरिम पोटगीचा अर्ज ६० दिवसांत निघाला नाही, तर त्याचे कारण निकालपत्रावर लिहिले जावे. प्रत्येक कुटुंब न्यायालयात किती अर्ज किती दिवस पडून आहेत, याचा तक्ता दर महिन्याला न्यायालयाच्या फलकावर लागावा. समुपदेशकांची पदे कायम आणि भरलेली असावीत. न्यायालयाच्या वागणुकीविषयी तक्रार कुठे आणि कशी करायची, हे मराठीत दर्शनी भागात लिहिलेले असावे. न्यायाधीशाने कोणाच्या बाजूने निकाल द्यावा, हे आम्ही सांगणार नाही. निकाल देण्याचे त्याचे स्वातंत्र्य आम्हाला हवेच आहे. निकाल न देण्याचे स्वातंत्र्य मात्र कोणालाच नाही.

आणि आपल्या तरुणांसाठी एक काम. कायदा शिका. आपल्या वस्तीतल्या एका तरी भगिनीसोबत तारखेला जा, रोजनामा वाचा, तारीख का पडली ते वहीत लिहून ठेवा. शंभर वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या माणसांच्या हाती वकिलीची सनद दिली होती. येत्या २६ जूनला दसरा चौकात हार घेऊन जाताना ती वहीही सोबत घेऊन या.

जयभीम!