विश्लेषण : संगणकाच्या मेमरीतला ‘कचरा’ आपोआप उचलायला लावणारे जॉन मॅकार्थी कोण होते?

मोबाइलवरचे अ‍ॅप किंवा बँकेचा सर्व्हर कधी कधी क्षणभर थांबतो, कारण तेव्हा मेमरीतला कचरा उचलला जात असतो. ‘गार्बेज कलेक्शन’ नावाची ही सोय अमेरिकी गणितज्ञ जॉन मॅकार्थी यांची.

मॅकार्थी कोण?

जन्म बोस्टनचा, ४ सप्टेंबर १९२७. आईवडील स्थलांतरित. प्रिन्स्टनमधून १९५१ मध्ये डॉक्टरेट. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव त्यांनीच रूढ केले आणि त्या प्रसिद्धीत हे काम झाकोळले.

कचरा आला कुठून?

एमआयटीत १९५८ पासून ते ‘लिस्प’ ही भाषा घडवत होते. तिच्यात याद्या सतत तयार होत आणि निरुपयोगी होत. प्रोग्रामरने प्रत्येक जागा स्वतः मोकळी करायची, हे मॅकार्थींना ओंगळ वाटे. प्रत्येक नोंद किती ठिकाणी वापरात आहे हे मोजावे, तर आयबीएम ७०४ यंत्राच्या एका शब्दात सहाच बिट शिल्लक, तेही विखुरलेले. मग उपाय निघाला : जागा संपेपर्यंत काहीच करायचे नाही. संपली की वापरातल्या नोंदींवर खूण करायची, बिनखुणेच्या सगळ्या मोकळ्या करायच्या.

अडचण काय होती?

या सफाईला काही सेकंद लागत. दर फेरीत हजारो जागा सुटल्या नाहीत, तर यंत्राचा बहुतेक वेळ झाडलोटीतच जाणार, हे १९६०च्या निबंधात त्यांनी मांडले होते. (‘कचरा’ हा शब्द सहकाऱ्यांच्या तोंडी होता, निबंधात मात्र आला नाही.) उद्योगांच्या प्रतिनिधींसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक सुरू असताना नेमकी मेमरी भरली. सेकंदाला दहा अक्षरे छापणारे यंत्र सफाईची पानभर आकडेवारी छापत बसले. प्रेक्षक हसून बेजार, वेळ संपली.

आज सेटिंग कशाची करतात?

त्याच तडजोडीची. जावामध्ये ‘एक्सएमएक्स’ने कमाल मेमरी ठरते. ती तोकडी ठेवली तर सफाईच्या फेऱ्या वाढतात. सढळ ठेवली तर फेऱ्या कमी होतात, पण जुन्या पद्धतीत एकेक थांबा लांबू शकतो. ‘जी-१’ पद्धत थांबा शक्यतो २०० मिलिसेकंदांत बसवू पाहते. हा आकडा फार खाली आणला तर एकूण काम मंदावते, म्हणून अनुभवी मंडळी आधी नोंदी तपासतात, मगच आकड्यांना हात लावतात.

मॅकार्थी १९६२ मध्ये स्टॅनफर्डला गेले, १९७१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २४ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.