'टाईम मशीन' लिहिणारा लेखक जमिनीवर लोळून लुटुपुटूची लढाई खेळायचा, आजचे वॉरगेम त्याच वाटेनं आलेत

पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढायला लागलं की महाबळेश्वरच्या वाटेवर प्रतापगडचा फाटा लागतो. दिवाळीत महाराष्ट्रातल्या कितीतरी अंगणांत हाच गड मातीचा उभा राहतो. बुरुजावर मावळे, पायथ्याला खानाचा तंबू, बाजूला धान्य पेरून उगवलेलं जंगल. सगळं मांडून होतं आणि मग पोरांचं भांडण सुरू होतं. यांना लढवायचं कसं? कोण किती सरकणार? मेला कोण?

या भांडणावर नियम लिहून काढणारा एक मोठा लेखक इंग्लंडमध्ये होऊन गेला. हर्बर्ट जॉर्ज वेल्स.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, केंटमधल्या ब्रॉमली गावचा. वडील जोसेफ काचसामान आणि क्रिकेटचं साहित्य विकायचे, पैसे घेऊन क्रिकेटही खेळायचे. १८६२ मध्ये त्यांनी केंटकडून सलग चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. पण १८७७ मध्ये त्यांची मांडी मोडली, क्रिकेट सुटलं आणि घर अडचणीत आलं. पोराला कापडाच्या दुकानात उमेदवारीला लावलं.

दुकानात त्याचं मन रमलं नाही. शिष्यवृत्ती मिळवून १८८४ मध्ये तो लंडनला विज्ञान शिकायला गेला. शिकवायला होते डार्विनचे कट्टर समर्थक थॉमस हक्स्ली. पुढं १८९५ ते १८९८ या काळात टाईम मशीन, अदृश्य माणूस आणि मंगळावरून आलेले हल्लेखोर असं सगळं त्याच्या लेखणीतून उतरलं.

लेखक जमिनीवर का आला?

वेल्सच्या घरात दोन मुलं होती. त्यांच्यासोबत खेळता खेळता १९११ मध्ये त्यानं 'फ्लोअर गेम्स' लिहिलं आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स'.

वॉरगेम त्याआधीही होते. प्रशियाच्या लष्करात अधिकाऱ्यांना शिकवायला १८२४ पासून नकाशा, फासे आणि पंच घेऊन लढाई खेळली जायची. वेल्सनं तो खेळ घराघरात आणला. फासे काढून टाकले. पायदळ एका चालीत १ फूट, घोडदळ २ फूट. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळा मारायचा, जो सैनिक पडला तो मेला. तोफेजवळ किमान चार माणसं नसतील तर तोफ गप्प. चालीला वेळेचं बंधन. लढाईआधी मध्ये पडदा, म्हणजे समोरच्यानं सैन्य कसं मांडलंय ते दिसणार नाही.

या खेळामागं वेल्सचा एक हेतूही होता. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती खोलीत बसून, कथलाच्या सैनिकांवर भागवावी, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. आणि याच वेल्सनं, हे युद्ध सगळी युद्धं संपवेल अशी आशा धरून, त्याला पाठिंबा दिला. ती आशा खोटी ठरली.

झोंबीचा काय संबंध?

१९३३ मध्ये त्यानं भविष्यावर 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम' लिहिलं, त्यावर १९३६ मध्ये सिनेमा आला. त्यात १९४० ला युद्ध सुरू होतं, अनेक वर्षं चालतं आणि मग साथ येते. आजारी माणसं भान हरपून भटकतात, ज्याला गाठतील त्याला रोग देतात. शेवटी त्यांना गोळ्या घातल्या जातात. ती माणसं मेलेली नाहीत, पण आज कुणीही त्यांना झोंबीच म्हणेल. झोंबी सिनेमाला आजचं रूप देणारा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला तो १९६८ मध्ये.

पण वेल्सचे नियम झोंबींना लावले तर खेळ फसतो. त्याच्याकडं हातघाईत माणसाला माणूस मरतो, कमी पडलेली बाजू कैद होते. झोंबी शरण येत नाही आणि घाबरतही नाही. म्हणून झोंबीच्या खेळासाठी नियम निवडताना आधी बघायचं, की झोंबी कोण हलवतं. २०१२ च्या 'झोंबीसाइड'मध्ये सगळे खेळाडू एका बाजूला असतात, झोंबी नियमांप्रमाणे चालतात. दुसरं, आवाजाला किंमत आहे का. तिथं आवाज केला की झोंबी तिकडं वळतात, त्यामुळं बंदूक चालवावी की नाही हाच पेच पडतो. पेच नसेल तर उरते नुसती नेमबाजी.

खऱ्या आयुष्यात वेल्सनं दुसरं महायुद्धही पाहिलं. १९१४ मध्येच कादंबरीत त्यानं ज्याला अणुबॉम्ब म्हटलं होतं, तो १९४५ मध्ये हिरोशिमावर पडला. त्यानंतर वर्षभरानं, १३ ऑगस्ट १९४६ ला लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळं 'लिटल वॉर्स' आता इंटरनेटवर फुकटात वाचता येतं. यंदा अंगणात प्रतापगड उभा राहिला, की एक फूटपट्टी घेऊन बसा. पोरांचं निम्मं भांडण तिथंच मिटेल.