राजाला चहा पाजणारे गंगाराम कांबळे कोण होते?

गंगाराम कांबळे कोल्हापूरच्या राजवाड्यात पागेत नोकरीला. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत दिली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल सुरू झाले.

हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम; पण ‘अस्पृश्याच्या हातचा’ म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज भर रस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. त्या काळात हे साधे नव्हते. राजाचा आधार होता खरा. पण बहिष्काराच्या नाकावर टिच्चून रोज चूल पेटवायची ती गंगारामांनाच.

१९२२ मध्ये महाराज गेले. त्यांच्या स्मारकासाठी कोल्हापुरात पुढाकार घेतला तो याच चहावाल्याने.