लोकनायक माधव श्रीहरि अणे

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी यवतमाळ शहरी लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाचे महिला महाविद्यालय पाहिले असेल; परंतु हे गृहस्थ कोण होते व लोकांनी त्यांस लोकनायक का म्हटले, हे सांगता येणारे आता थोडेच आढळतात. त्यांना जाऊन अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. ते ह्याच जिल्ह्याचे. आणि ज्या प्रश्नाने त्यांस आयुष्यभर गाठले तो लहानमोठ्या प्रत्येक सेवकास कधी ना कधी गाठतोच. अधिकाराची जागा केव्हा स्वीकारावी आणि केव्हा सोडावी, हा तो प्रश्न होय. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

माधवराव अणे यांचा जन्म ता. २९ आगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. त्या वेळी ह्या जिल्ह्यास वणी जिल्हा असेच नाव होते. यवतमाळ हे नाव १९०५ साली पडले. घरी संस्कृत विद्येची परंपरा होती व तिचा ठसा त्यांच्या मनावर अखेरपर्यंत राहिला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे अमरावतीस शिक्षकाचे काम केले. पुढे कायद्याची परीक्षा देऊन १९०८ च्या सुमारास त्यांनी यवतमाळ येथे वकिली आरंभिली.

तरुणपणीच लोकमान्य टिळक हे त्यांचे गुरू झाले. टिळकांनी १९१६ साली होमरूल संघ स्थापिला, त्याच्या कार्यात अणे यांनी भाग घेतला. होमरूल हे नाव आयर्लंडातून आले. त्या देशाचे सभासद लंडनच्या पार्लमेंटात बसत आणि त्याच सभेचे नियम हाती धरून आपल्या देशाचे गाऱ्हाणे तेथे मांडीत. पार्नेल हा त्यांचा नामांकित पुढारी होऊन गेला. टिळकांनीही अखेरच्या दिवसांत असाच एक मार्ग सांगितला, त्यास प्रतियोगी सहकारिता म्हणत. सरकार लोकहिताचे करील तेथे त्यास हात द्यावा आणि अहिताचे करील तेथे त्यास अडवावे, असा त्याचा अर्थ. हा मार्ग बोलण्यास सोपा, पण चालण्यास कठीण आहे; कारण त्यावर चालणारास सरकारही आपला म्हणत नाही व मित्रही पुष्कळदा परका समजतात. अणे यांचे सर्व आयुष्य ह्याच मार्गावर गेले.

टिळक १९२० साली वारले आणि देशाचे पुढारपण गांधीजींकडे आले. १९२१ पासून कित्येक वर्षे अणे वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. कौन्सिलांवर सर्वस्वी बहिष्कार घालणे मात्र त्यांस पटले नाही. ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून गेले. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वऱ्हाड हा कायद्याने निजामाचा मुलूख असून इंग्रज केवळ त्याचा कारभार पाहत. म्हणून लोकांनी मते देऊन निवडलेल्या मनुष्यासही सरकारनियुक्त म्हणूनच सभेत बसावे लागे. अशा जागेवर बसूनही अणे यांनी आपल्या मतदारांचाच पक्ष मांडिला. स्वराज्याच्या घटनेचा मसुदा करण्यास १९२८ साली पंडित मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती बसली, तिच्या अहवालावर अणे यांचीही सही आहे.

सभागृहात बसणारा मनुष्य तुरुंगास भितो असे कोणास वाटेल, तर १९३० साल पाहावे. त्या वर्षी गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. परंतु आमच्या डोंगराळ मुलखातील शेतकऱ्यास समुद्र कोठला? त्याचे दुःख जंगलाचे होते. राखीव जंगलात परवान्यावाचून गवत कापणे, लाकूड तोडणे, गुरे चारणे हा गुन्हा होता. जनावर हद्दीत शिरले की कोंडवाड्यात जाई आणि दंड भरल्यावाचून सुटत नसे. ज्या रानात बापजाद्यांनी गुरे चारिली, तेथे भारा कापणाऱ्यावर चोरीचा आरोप येई. म्हणून वऱ्हाडात जंगल सत्याग्रह करावयाचे ठरले, आणि ता. १० जुलै १९३० रोजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन आपल्या हाताने गवत कापिले. त्यांना अटक होऊन कारावासाची शिक्षा झाली. पन्नाशीच्या ह्या विद्वान वकिलाने हाती विळा घेतला, ही वार्ता जिल्हाभर पसरली आणि ठिकठिकाणी लोक जंगलात शिरू लागले.

१९३३ साली मोठे पुढारी तुरुंगात असता अणे हे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. सामुदायिक कायदेभंग थांबविल्याचे जाहीर करण्याचे अप्रिय काम त्यांच्याच वाट्यास आले. पुढच्याच वर्षी त्यांचा काँग्रेसशी मतभेद झाला. इंग्लंडचे मुख्य प्रधान मॅकडोनल्ड यांनी १९३२ साली जातवार निवाडा दिला होता. त्याने मुसलमान, शीख इत्यादिकांस निरनिराळे मतदारसंघ दिले, व हिंदी ख्रिस्ती लोकांसही वेगळ्या जागा दिल्या. काँग्रेसने हा निवाडा मान्यही केला नाही व अमान्यही केला नाही. अणे यांस हे मौन सोसवेना. धर्मावरून मतदार वेगळे केले म्हणजे शेजारी शेजाऱ्यास मुकतो, असे त्यांचे मत होते. पंडित मालवीय यांच्याबरोबर त्यांनी आपली पदे सोडून १९३४ साली काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढिला. हा विषय आमच्या समाजासही लागू होता. थोड्या संख्येच्या लोकांस आपला आवाज बुडेल ही भीती वाटणे खोटे नव्हते, हे आम्ही जाणतो. तथापि १९४९ साली घटना समितीने धर्मावरून राखलेल्या जागा नको असे ठरविले, तेव्हा त्या कामी बंगालचे ख्रिस्ती पुढारी हरेंद्रकुमार मुखर्जी यांचा मोठा हात होता, हेही आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता त्यांच्या चरित्रातील अत्यंत बिकट भाग येतो. महायुद्ध चालू असता १९४१ साली अणे यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली व परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते सांभाळिले. पुष्कळ जुन्या सहकाऱ्यांस हे रुचले नाही. १९४२ च्या आगस्टमध्ये गांधीजी व सर्व पुढारी पकडले गेले, तरी अणे जागेवरच राहिले. त्याच महिन्यात शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर येथे दंगा झाला, आणि मागून आलेल्या फौजेने गावकऱ्यांवर व स्त्रियांवर अत्याचार केल्याची तक्रार उठली. प्राध्यापक भन्साळी हे दिल्लीस जाऊन अणे यांना भेटले व चौकशी करविण्याची विनंती केली. अणे यांच्याने ते झाले नाही. तेव्हा भन्साळींनी त्यांच्याच दारी उपवास आरंभिला. अधिकाराची जागा आहे, परंतु आपल्याच मुलखातील दुःखितांस न्याय देण्याची शक्ती नाही, ही स्थिती किती दारुण असते!

ता. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी कैदेत एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. प्रकृती ढासळू लागली तरी सरकार त्यांस सोडीना. तेव्हा ता. १७ रोजी अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार ह्या तिघांनी राजीनामे दिले. कोणी म्हणेल की हे आधीच करावयास हवे होते. आम्हांसही तसे वाटते. परंतु घेतलेले पद तत्त्वासाठी टाकून देणे सोपे नसते. उशिरा का होईना, त्यांनी ते केले.

त्यानंतर ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून सिलोनात गेले. स्वातंत्र्यानंतर १९४८ पासून १९५२ पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. एवढा मान मिळाल्यावर दुसरा कोणी घरी स्वस्थ बसता. परंतु विदर्भाचे वेगळे राज्य असावे अशी त्यांची खात्री होती, व त्यासाठी ते १९५९ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ साली पुन्हा आले. ते राज्य त्यांच्या हयातीत झाले नाही. उतारवयात त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत काव्यात रचिले, आणि त्या ग्रंथास त्यांच्यामागे १९७३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ता. २६ जानेवारी १९६८ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी सरकारने त्यांस पद्मविभूषण ही पदवी दिली.

अणे यांची सर्वच मते आमच्या वाचकांस पटतील असे नाही. परंतु मंडळीचा वडील असो, शाळेचा मास्तर असो वा गावपंचायतीचा पंच असो, त्याने ह्या चरित्रातून एवढे घ्यावे: जागा मिळाली तर कामासाठी घ्यावी, काम होत नाही असे दिसले, तर जागेसाठी सबबी शोधू नयेत, आणि ज्याच्याशी मत जुळत नाही त्याचा उपवास चालू असता, आपण भरल्या ताटावर बसून राहू नये.