दानाकडून विश्वस्तवृत्तीकडे : जमनालाल बजाज यांचे चरित्र

भारतीय भाषांतील संतवाङ्मयाने धनाचा विचार दोन अंगांनी केलेला आढळतो. एका बाजूने धनलोभ हे परमार्थातील बंधन मानले गेले. दुसऱ्या बाजूने सचोटीने मिळविलेल्या आणि उदार मनाने वेचलेल्या धनाला गृहस्थधर्मात मान्यता मिळाली. दारिद्र्याचा विचार मात्र बहुधा दात्याच्या बाजूने झाला. भुकेल्यास अन्न व तहानेल्यास पाणी देणाराला पुण्य लाभते, हा संस्कार अन्नछत्रे, धर्मशाळा व पाणपोया यांच्या रूपाने देशभर रुजला. परंतु आज जेवू घातलेला मनुष्य उद्या पुन्हा भुकेला का राहतो, हा प्रश्न दानधर्माच्या चौकटीत क्वचितच विचारला गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या थोड्या धनिकांनी तो स्वतःच्या आयुष्यात सोडवून पाहिला, त्यांत जमनालाल बजाज यांची गणना करावी लागेल. त्यांचा जन्म जयपूर संस्थानातला आणि कर्मभूमी वर्ध्याची. या दोन्ही प्रदेशांचा त्यांच्या विचारावर उमटलेला ठसा दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी सीकरजवळच्या काशी-का-बास या लहानशा गावी झाला. सीकर हा जयपूर दरबाराच्या अधीन असलेला ठिकाणा, म्हणजे मोठी जहागीर. शेखावाटीचा हा मुलूख कमी पावसाचा. पाणी खोल, जमीन रेताड आणि शेतकऱ्याच्या माथ्यावर जहागीरदाराच्या नाना लागबागांचे ओझे. या मुलखातील व्यापारी कुटुंबे पोटासाठी कलकत्ता, मुंबई, वऱ्हाड-नागपूर अशा दूरच्या प्रांतांत गेली, यामागे व्यापारी साहसाइतकाच मायभूमीचा रुक्षपणाही कारण होता. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ राजस्थानच्या लोकस्मृतीत अजून जिवंत आहे.

वडील कनीराम व आई बिरदीबाई बेताच्या परिस्थितीचे. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेट बच्छराज यांनी चार-पाच वर्षांच्या जमनालालला नातू म्हणून दत्तक मागितले. मुलाच्या बदल्यात आईबापांनी द्रव्य घेतले नाही. बच्छराजजींनी कृतज्ञतेपोटी त्या गावाला विहीर बांधून दिली, असे चरित्रकार नमूद करतात. रेताड गावात विहिरीचे मोल काय असते हे निराळे सांगावयास नको. एका घराने सोसलेल्या वियोगाचे फळ साऱ्या गावाला पाण्याच्या रूपाने मिळाले. पुढे जमनालालजींनी दानाचा जो अर्थ लावला, त्याची खूण येथेच दिसते: जे द्यावयाचे ते एकाच्या ओंजळीत पडून न संपता सर्वांना नित्य उपयोगी पडावे.

वर्ध्यात त्यांचे शालेय शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. व्यवहाराचे शिक्षण पेढीवर आणि कापसाच्या बाजारात मिळाले. १९०२ साली जावरा येथील जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला. हाताशी रोज मिळणाऱ्या रुपयातून साठविलेले शंभर रुपये त्यांनी नागपूरहून निघणाऱ्या टिळकांच्या हिंदी ‘केसरी’ला पाठविले, ही त्यांच्या सार्वजनिक दानाची पहिली नोंद होय. पुढे लाखांनी मोजल्या गेलेल्या दानांपेक्षा या शंभर रुपयांचे समाधान त्यांना अधिक वाटत असे.

१९०७ साली घडलेला एक प्रसंग त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविणारा ठरला. एका लग्नसमारंभास जाताना दागिने घालण्यास त्यांनी नकार दिला. संतापी स्वभावाच्या बच्छराजजींनी आपल्या संपत्तीचा उल्लेख करून त्यांना टोचून बोलले. सतरा वर्षांच्या जमनालालने वादविवाद केला नाही. या संपत्तीवर आपला काडीचाही हक्क नाही, असे विनयपूर्वक लिहून देऊन आणि आजोबांविषयी मनात राग नसल्याचे कळवून त्याने घर सोडले. त्याला समजावून परत आणण्यात आले. त्याच वर्षी बच्छराजजी निवर्तले आणि सारी संपत्ती त्याच्याकडे आली. पण एकदा मनाने सोडलेले धन पुन्हा हाती आले म्हणून ते आपले होत नाही, ही जाणीव कायम राहिली. महात्मा गांधींची विश्वस्तवृत्तीची कल्पना पुढे त्यांच्या कानी आली, तेव्हा तिच्यासाठी जमीन आधीच नांगरलेली होती.

या कल्पनेचे मूळ ईशावास्योपनिषदाच्या पहिल्या मंत्रात शोधले जाते. सर्व चराचर ईश्वराचे आहे. म्हणून मनुष्याने त्यागपूर्वक उपभोग घ्यावा आणि दुसऱ्याच्या धनाची अभिलाषा धरू नये, असा त्याचा आशय. गीतेतील यज्ञार्थ कर्माची आणि अपरिग्रहाची कल्पना याच्याशी मिळतीजुळती आहे. धनिक धनाचा स्वामी नसून राखणदार आहे, हे मान्य केले म्हणजे दानाचे स्वरूपच पालटते. स्वामी देतो तेव्हा तो उपकार करतो. राखणदार देतो तेव्हा तो ठेव परत करतो. दात्याचा अहंकार आणि याचकाचे ओशाळेपण या दोन्ही गोष्टींना या विचारात, निदान तत्त्वतः, जागा उरत नाही.

सरकारदरबारी जमनालालजींना मानमरातब मिळत होते. ते ऑनररी मॅजिस्ट्रेट झाले, रायबहादूर झाले. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, त्याचे ते स्वागताध्यक्ष होते. तेथेच आपल्याला पाचवा पुत्र मानावे अशी मागणी त्यांनी गांधीजींकडे केली आणि ती मान्य झाली. पुढील वर्षी त्यांनी रायबहादुरीचा त्याग केला आणि वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लक्ष रुपये दिले. ज्याने काशी-का-बास येथे न विचारता दत्तक जाणे सोसले होते, त्याने प्रौढपणी स्वतःच्या इच्छेने दुसऱ्यांदा दत्तक जावे, ही घटना चरित्रदृष्ट्या अर्थपूर्ण आहे. गांधींना पिता मानणाऱ्या जमनालालजींनी गुरुस्थानी मात्र वयाने आपल्याहून लहान असलेल्या विनोबांना मानले. १९२१ च्या एप्रिलमध्ये विनोबा वर्ध्याच्या आश्रमात आले, त्यामागे जमनालालजींचाच आग्रह होता.

दारिद्र्याच्या प्रश्नावर त्यांनी वर्ध्यात केलेल्या कार्याकडे पाहिले असता एक क्रम दिसतो. पहिली पायरी स्पर्शास्पर्श मोडण्याची होती. बच्छराजजींनी बांधलेले लक्ष्मीनारायणाचे मंदिर त्यांनी जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांस खुले केले. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला तो मार्च १९३० मध्ये, हे ध्यानी घेतले म्हणजे या कृतीचे मोल कळते. ज्ञातिबांधवांचा रोष पत्करून त्यांनी ती केली. जो देवापुढे उभा राहू शकत नाही त्याला विहिरीवर, बाजारात व कामाच्या ठिकाणीही समान जागा मिळत नाही. तेव्हा दारिद्र्याचे एक मूळ धर्माच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या रूढीत आहे, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी पायरी कामाची. १९२५ साली स्थापन झालेल्या चरखा संघाचे ते कोषाध्यक्ष होते. ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्यांनी वर्ध्याची आपली बाग त्यास दिली, तीच मगनवाडी. सेगाव हे गाव बहुतांशी त्यांच्या मालगुजारीचे; तेथे एप्रिल १९३६ अखेर गांधीजी राहावयास गेले आणि पुढे त्याचे सेवाग्राम झाले. या सर्व खटाटोपामागे एकच सूत्र होते. भुकेल्याला फुकट जेवू घालणे हा त्याच्या माणुसकीचा अवमान असून त्याच्या हाताला काम देणे हाच खरा नारायणपूजेचा विधी होय. परंतु कामही पुरेसे नाही, त्याला रास्त मोल हवे, हा प्रश्न खादीच्या चळवळीत लवकरच पुढे आला. खादी स्वस्त ठेवावी तर सूत काततणारी अर्धपोटी राहते. तिला पोटापुरते द्यावे तर खादी महागते. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढविण्याचे ठरविले, तेव्हा खपाच्या हिशेबापेक्षा कष्टणाऱ्या स्त्रीच्या हक्काला वरचे स्थान दिले गेले. दानाच्या भाषेतून न्यायाच्या भाषेत झालेले हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे.

या स्थित्यंतराची खरी कसोटी त्यांच्या जन्मभूमीत लागली. शेखावाटीतील शेतकऱ्यांत लागबाग व वेठ यांविरुद्ध असंतोष धुमसत होता. एप्रिल १९३५ मध्ये सीकर ठिकाण्यातील कूदन गावी गोळीबारही झाला. जयपूर शहरात राज्य प्रजामंडळाची पुनर्घटना झाली, तीत हिरालाल शास्त्री प्रमुख होते. शास्त्रीजींनी जयपूर राज्याची नोकरी सोडून वनस्थळी येथे १९२९ साली जीवनकुटीर स्थापून ग्रामसेवा आरंभिली होती. १९३५ साली तेथेच स्त्रीशिक्षणाची संस्था उभी राहिली. मे १९३८ मध्ये जयपूरला प्रजामंडळाचे अधिवेशन जमनालालजींच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच वर्षी सीकरचे रावराजा व जयपूर दरबार यांच्यातील तंटा विकोपास गेला असता त्यांनी मध्यस्थी केली.

पुढे दुष्काळ पडला. दुष्काळग्रस्तांस साहाय्य करावे आणि प्रजामंडळाच्या बैठकीस उपस्थित राहावे, या हेतूने जमनालालजी डिसेंबर १९३८ च्या अखेरीस निघाले. सवाई माधोपूर स्थानकावर त्यांना राज्यात प्रवेश करण्यास मनाई करणारा हुकूम मिळाला. त्यांच्या येण्याने शांतताभंग होईल, असे कारण त्यात दिले होते. प्रजामंडळही बेकायदा ठरविण्यात आले. १ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांनी हुकूम मोडून प्रवेश केला. त्यांना पकडून राज्याबाहेर सोडण्यात आले. काही दिवसांनी पुन्हा तसेच घडले. तिसऱ्या वेळी त्यांना स्थानबद्ध करून मोरांसागर या आडवळणाच्या जागी ठेवण्यात आले. राज्यभर सत्याग्रह सुरू झाला. मार्चमध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तो थांबविण्यात आला. ऑगस्ट १९३९ मध्ये जमनालालजींची सुटका झाली आणि १९४० साली प्रजामंडळास मान्यता मिळाली.

या घटनेचा राजकीय इतिहासात उल्लेख होतो, पण तिचा तात्त्विक अर्थ फारसा लक्षात घेतला जात नाही. ज्याच्याजवळ द्रव्य आहे, देण्याची इच्छा आहे आणि ज्याचे स्वतःचे गाव दुष्काळात आहे, अशा माणसाला धान्य घेऊन त्या गावी जाता येत नाही. कारण सत्तेची तशी आज्ञा नाही. धान्याच्या अभावाबरोबरच हक्काचा अभाव हेही दारिद्र्याचे कारण आहे, हा धडा जयपूर राज्याच्या सीमेवर त्यांना मिळाला. ज्या प्रजेला संस्था स्थापन करण्याचा, सभा भरविण्याचा, आपले गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार नाही, तिच्यापर्यंत दात्याचे पुण्यही पोहोचत नाही. दारिद्र्यनिवारणासाठी त्यागी धनिकाने सत्याग्रही नागरिकही व्हावे लागते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

अखेरच्या काळात त्यांचे मन राजकारणातून निघून अंतर्मुख झाले. १९४१ साली ते माता आनंदमयींच्या सहवासात राहिले. त्यानंतर त्यांनी गोसेवेचे कार्य हाती घेतले आणि गोसेवा संघ स्थापन केला. येथेही त्यांचा दृष्टिकोन भाबडा नव्हता. भाकड गुरे पांजरपोळात सांभाळून गोरक्षण साधत नाही. जातिवंत पैदास, दुधाची वाढ आणि मेलेल्या जनावराच्या कातड्याचा योग्य उपयोग यांनी गाय शेतकऱ्यास परवडली तरच ती वाचेल, असा त्यांचा विचार होता. वर्ध्याजवळ गोपुरीत ते झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे वर्ध्यात आकस्मिक निधन झाले. जानकीदेवींनी आपली संपत्ती गोसेवेस अर्पण केली. पुढे भूदानाला जोडून विनोबांच्या प्रेरणेने कूपदानाचे कार्य निघाले, तेव्हा त्या गरीब शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी दान मागत हिंडल्या.

विश्वस्तवृत्तीवर घेतले गेलेले आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कल्पनेवर कठोर टीका केली. धनिकाच्या सद्बुद्धीवर विसंबणारी व्यवस्था गरिबाच्या हाती कोणताच हक्क देत नाही. विश्वस्ताने ठेव बुडविली तर त्यास जाब विचारणारा कोण, हा समाजवाद्यांचाही प्रश्न होता. जमनालालजींच्या चरित्राने या प्रश्नाचे उत्तर मिळते असे म्हणता येणार नाही. त्यांच्यासारखे धनिक थोडे, आणि थोड्यांच्या चारित्र्यावर समाजाची रचना उभी राहत नाही. तथापि गरिबाच्या हक्काचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. मंदिराच्या दाराशी, सूत कातणाऱ्या स्त्रीच्या मजुरीत आणि जयपूरच्या सत्याग्रहात तो त्यांच्यापुढे आला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी दात्याचे आसन सोडून एक पाऊल खाली उतरणे पसंत केले.

हरिभाऊ उपाध्याय यांनी त्यांच्या हिंदी चरित्रास ‘श्रेयार्थी जमनालालजी’ हे नाव दिले. कठोपनिषदात नचिकेत्यापुढे श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग ठेवले आहेत. धनधान्य, पशू, सुवर्ण व दीर्घ आयुष्य यांचा लोभ दाखविला असताही तो श्रेयाची निवड करतो. जमनालालजींना प्रेय नाकारून वनात जावयाचे नव्हते. पेढी चालवीत, हिशेब लिहीत, बाजारभाव पाहत श्रेय साधावयाचे होते. हे साधताना झालेली ओढाताण त्यांच्या दैनंदिनीत आणि गांधीजींशी झालेल्या पत्रव्यवहारात उमटली आहे. आपल्या उणिवांची कबुली त्यांनी तेथे पुन्हापुन्हा दिली आहे. भारतीय भाषांतील चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने त्या लेखनाकडे पाहावे ते यासाठी की, धनिकाने आपल्या धनाविषयी इतक्या प्रामाणिकपणे स्वतःची झडती घेतल्याची उदाहरणे आपल्या वाङ्मयात विरळ आहेत.